होकार

भिवाने पेला पुढे केला तेव्हा माझी पिशवी अजून खांद्यावरच होती.

"घे," तो म्हणाला. "रात्रभर गाडीत अंग अवघडला असतला."

सकाळचे नऊ वाजले होते. भिवा माझा चुलत भाऊ, माझ्याहून दोन महिन्यांनी लहान, एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून नुकताच निवृत्त झालेला. छत्तीस वर्षं गाडी चालवताना त्याने दिवसाउजेडी थेंबाला हात लावला नव्हता. निवृत्त झाल्यापासून तो ती तूट भरून काढत होता. मी म्हणालो, हल्ली पोटात आग पडते. तो म्हणाला, ही यंदाची काजूची आहे, आगीवर हिच्यासारखा उतारा नाही. मी म्हणालो, रक्तात साखर निघालीये. तो म्हणाला, हिच्यात साखर कुठली? मी म्हणालो, औषध चालू आहे. तेवढ्यात आतून आमचा पुतण्या उमेश दात घासत बाहेर आला. तो पुण्यात एका औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे. कुठलं औषध, असं त्याने विचारलं. घाईत मला एकच नाव आठवलं, ते सांगितलं. ते जंतांचं निघालं.

"ते एकाच दिवसाचं असतं, काका," उमेश म्हणाला.

मी आंघोळीला गेलो.

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि दारू सोडून मला सात महिने अकरा दिवस झाले होते. हे त्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं, कारण मी दारुडा होतो हेच मुळात कोणाला ठाऊक नव्हतं. गावी सुट्टीला आल्यावर सगळेच घेत, त्यात मीही घेई. बाकीचे अकरा महिने मी डोंबिवलीच्या एका ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर बसत असे. बाटली धर्मशास्त्राच्या खंडांमागे ठेवलेली असे. ते खंड माझ्या कारकिर्दीत दोनदाच कोणी मागितले, आणि दोन्ही वेळा मी ते बांधणीला गेलेत असं सांगितलं. मी बसून पीत असल्यामुळे माझा तोल जाताना कोणी पाहिला नाही. शेवटी एका दुपारी वाचकांना मी टेबलाखाली सापडलो. तिथून महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. माझी बायको शालन, तिने गावी कळवलं की विषमज्वर झाला होता.

त्याआधी मी दोनदा सोडली होती. दोन्ही वेळा ती एका घोटावर परत आली. एकदा मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात, एकदा नव्या वर्षाच्या रात्री शेजाऱ्यांकडे. एक घोट घेतल्यावर पुढे काय होतं ते मला सांगता येणार नाही, कारण दोन्ही वेळचे पुढचे तीन-चार आठवडे मला आठवत नाहीत. केंद्रातून घरी आलो त्या दिवशी शालन एवढंच म्हणाली होती, की पुन्हा एकदा विषमज्वर मी कोणाला सांगणार नाही. ती रागावली नव्हती. कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली.

गावी जाणं टाळता आलं असतं. पण चंद्रावहिनीचं पत्र आलं होतं. चंद्रावहिनी म्हणजे माझे थोरले भाऊ आबा यांची बायको, उमेशची आई. आबा आदल्या श्रावणात काविळीने गेले. आमच्या घराण्यात कावीळ फार. वडील काविळीने गेले, भिवाचा थोरला भाऊ काविळीने गेला. आबांनंतर पालवांच्या घरात वयाने मोठा मीच उरलो होतो, आणि वहिनीने लिहिलं होतं की यंदाची राखण भावजींच्या हातून व्हायला हवी.

राखण म्हणजे काय ते सांगायला हवं. घरामागे एका किंजळीच्या झाडाखाली दगड आहे. तो आमचा राखणदार. घरादाराची, माडांची, माणसांची राखण तो करतो असं आम्ही मानतो. मे महिन्यात मुंबई-पुण्याची माणसं आली की एका दुपारी त्याचा मान त्याला द्यायचा. कोंबडा, नारळ आणि दारू. घरातला वडील पुरुष दारूने भरलेली करवंटी हातात घेऊन दगडापुढे उभा राहतो, थोडी दगडावर शिंपडतो आणि मोठ्या आवाजात गाऱ्हाणं घालतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला मागे उभे असलेले पुरुष "व्हय महाराजा" म्हणून होकार देतात. गाऱ्हाणं संपलं की उरलेली तो तीर्थ म्हणून पितो. मग करवंटी वयाप्रमाणे खाली जाते. पहिल्याने प्यायल्याशिवाय दुसऱ्याला घेता येत नाही, आणि करवंटी फिरल्याशिवाय पानं मांडता येत नाहीत.

आमच्या दारू सोडलेल्यांच्या बैठकीत मला सांभाळणारा गृहस्थ शिरसेकर. तो निवृत्त बस कंडक्टर. मी त्याला हे सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, दगडाला सोडा चालत नाही का? मग म्हणाला, जाऊ नको. मी म्हणालो, वहिनी एकटी पडलीये. तो म्हणाला, मग जा, पण खोटं कारण देऊ नको, खोटं कारण लोक सोडवून देतात. मला हे पटलं होतं. तरी पडवीच्या पायरीवर उभ्या उभ्या मी तीन खोटी कारणं दिली होती आणि तिन्ही सोडवली गेली होती. शालन सोबत असती तर कदाचित निराळं झालं असतं. पण मुलीचे दिवस भरत आले होते, म्हणून ती डोंबिवलीतच थांबली होती.

संध्याकाळी पडवीत बैठक बसली. भिवाने काजूचा पाच लिटरचा कॅन मध्यभागी ठेवला. मी आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ पुस्तक घेऊन बसलो. वाचत नव्हतो. बाहेरून दोनदा हाक आली, दोनदा मी "आलो" म्हणालो आणि गेलो नाही. माझ्याबद्दल त्यांच्यात मतभेद होते. उमेशचं म्हणणं, काकांना बाबांची आठवण येत असेल. भिवाचं म्हणणं, डोंबिवलीत स्वतःचा ब्लॉक झाल्यापासून माणूस बदलला. पूर्वी दोन पेले झाले की मी कविता म्हणत असे, अंगणात उभा राहून, हातवारे करून. हे मला त्यांच्याकडूनच कळलेलं आहे. त्यांना मी तसा आवडत असे. मलाही बहुधा तसाच आवडत असे. बिनदारूचा मी फारसा कोणाच्या परिचयाचा नव्हतो.

तिसऱ्यांदा भिवा स्वतः उठून आत आला आणि उंबऱ्यावर टेकला. त्याच्या हातात दोन पेले होते.

"उद्या गाऱ्हाणा तू घालूचंस," तो म्हणाला. "आबा बोलाक लागलो की पलीकडच्या वाडीत ऐकाक जाय. तुझ्या तोंडातसून कोरड्या घशान 'राम' तरी भायर पडता काय, दादा?"

बाहेरचे हसले. मीही हसलो, कारण ते खरं होतं. ग्रंथालयाच्या वार्षिक सभेत आभार मानायचे असले तरी मी आधी धर्मशास्त्राकडे जाऊन येत असे. भिवाने पेला माझ्या गुडघ्याशी ठेवला आणि म्हणाला, आजपासून घसा तयार कर. त्याने तो प्रेमाने ठेवला होता. हे मी मुद्दाम लिहितोय. आमच्या घरात कोणी कोणाला जबरदस्तीने पाजली असं कधी झालं नाही. सगळी प्रेमानेच झाली.

तो गेल्यावर मी त्या पेल्याकडे बघत बसलो. किती वेळ ते सांगता येत नाही. मग वहिनी चुलीकडून आली, पेला उचलून मोरीत ओतला, धुतला आणि त्यातच मला कोरा चहा आणून दिला. मला वाटलं तिला कळलं. मग वाटलं, तिला पेला लागत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनीला विचारलं, गाऱ्हाणं कुठे लिहून ठेवलंय का? ती नारळ खवत होती. म्हणाली, लिहिलेलं काही नाही, पण मला सगळं पाठ आहे. लग्न होऊन आल्यापासून तीस वर्षं दर मे महिन्यात ती ते ऐकत आली होती. मी वही काढली. ती खवता खवता सांगू लागली आणि मी लिहू लागलो. तिचा आवाज एका सुरात चालला होता, तांदूळ निवडताना असावा तसा, पण कुठेही अडखळला नाही. आबा कुठे थांबत, कुठे खोकत, तेही तिने सांगितलं.

लिहून झाल्यावर मी वही मिटली आणि जे विचारायचं होतं ते विचारलं. तीर्थ घ्यावंच लागतं का?

वहिनीने खवणं थांबवलं नाही. म्हणाली, आजेसासऱ्यांचा पाय मोडला होता तेव्हा त्यांनी बसून गाऱ्हाणं घालायची सूट मागितली होती. गाऱ्हाण्यातच मागितली. मागच्यांनी होकार दिला, मिळाली. पाय दोन महिन्यांत बरा झाला, पण ते पुढची अकरा वर्षं बसूनच गाऱ्हाणं घालत.

"मागणा सगळ्यांदेखत मागूचा लागता, भावजी," ती म्हणाली. "कारण सांगूक व्हया. होकार इलो तर राखणदार सोडता. कोण बोललो नाय, तर मागणा फुकट गेला."

मी विचारलं, आणि फुकट गेलं तर?

"मगे रीत ती रीत."

मी अजून एक विचारलं. बायका होकार का देत नाहीत? ती म्हणाली, बायका मागे उभ्या राहतात आणि ऐकतात. ऐकायलाही कोणीतरी हवं ना.

मी मागायचं ठरवलं नव्हतं. हे मला स्वच्छ आठवतं. माझ्यापुढे दोन रस्ते होते. एक म्हणजे सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं. आणि दुसरा, एक करवंटी. तीर्थच ते, त्याला दारू म्हणायची की नाही यावर विद्वानांत मतभेद असू शकतील, असंही माझ्या मनात येऊन गेलं. धर्मशास्त्राचे खंड मी कधी उघडले असते तर मला त्यात आधार सापडला असता. त्या सकाळी मला दुसरा रस्ता जवळचा वाटत होता. मी आंघोळ केली, धोतर नेसलो, चष्मा पुसला.

साडेबाराला आम्ही किंजळीखाली जमलो. पुरुष नऊ. मी पुढे, माझ्या मागे भिवा, मग बाकीचे वयाप्रमाणे. बायका त्यांच्याही मागे, माडाच्या सावलीत. भिवाने करवंटी काठोकाठ भरून माझ्या डाव्या हातात दिली. उजव्या हातात वही. थोडी दगडावर शिंपडली. वास वर आला. सात महिन्यांत तो वास इतक्या जवळून मला आला नव्हता. तोंडाला पाणी सुटलं, आणि भीती वाटली ती त्याचीच. शरीर माझ्याआधी तयार होतं.

"हे बा राखणदारा महाराजा," मी वाचलं, "आज पालवांच्या घरातलो ल्हान-थोर सगळो तुझ्या पायाकडे हजर झालेलो असा."

"व्हय महाराजा," मागून आठ आवाज आले.

"वर्साची राखण, कोंबो, नारळ, तुझो मान तुका दिलेलो असा. तो गोड मानून घे."

"व्हय महाराजा."

"जरा मोठ्यान, दादा," भिवा हळूच म्हणाला. "तो दगड असा."

"पोटापाण्याक जे मुंबय-पुण्याक गेले, तेंच्या पाठीर उभो रव."

"व्हय महाराजा."

इथे माझा चष्मा घसरला. मे महिन्याची दुपार, नाकावर घाम. चष्मा नाकाच्या टोकावर येऊन थांबला आणि वहीवरची अक्षरं विरघळली. एका हातात वही, दुसऱ्या हातात करवंटी. करवंटी खाली ठेवता येत नाही, गाऱ्हाणं संपेपर्यंत ती जमिनीला लागता कामा नये. वही टाकावी तर गाऱ्हाणं गेलं. मी नाक वर करून पाहिलं, चष्मा आणखी खाली आला. मागे सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत उभे होते. कोणीतरी खाकरलं. मला पुढचं काही आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की पुढे घरातल्या रोगराईचं काहीतरी आहे.

"ह्या घरात," मी म्हणालो, "कावीळ फार झाली, रे महाराजा."

"व्हय महाराजा."

"माझो बापूस काविळीन गेलो."

"व्हय महाराजा."

"भिवाचो भाव गेलो. आबा गेलो."

"व्हय महाराजा."

गाऱ्हाण्याची एक चाल असते. वाक्य संपताना आवाज जिथे पडतो, तिथे होकार आपोआप येतो. शब्द नंतर कळतात. मला वाटतं माझंही तसंच झालं. माझे शब्द मलाही नंतरच कळले.

"ती कावीळ न्हवती, रे महाराजा."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले. आठही आवाज, भिवाचा सगळ्यांत मोठा. ते काय बोलून बसले ते त्यांच्या कानांपर्यंत पोचत होतं.

"ती हीच," मी म्हणालो. "माझ्या हातातली."

होकार आला, पण दोघा-तिघांचाच, आणि अर्धवट. उमेशचा आवाज मध्येच तुटला.

"ती माका लागलेली असा. माका विषमज्वर झालो न्हवतो. सात म्हयने बारा दिवस मी एक थेंब घेवक नाय. आज घेतलंय तर माका थांबाक येवचा नाय." 

माझा आवाज कुठून येत होता मला माहीत नाही, मोठा येत होता एवढं खरं. पुढचं वाक्य उरलं होतं.

"हो पेलो माझ्यावरसून टाळ, रे महाराजा."

मी थांबलो. आवाज जिथे पडायला हवा तिथे पडला होता. होकार आला नाही.

मी मागे वळून पाहिलं नाही. पाहायची रीत नाही. पण भिवाचा श्वास मला ऐकू येत होता. त्याला होकार कसा देता आला असता? आता होकार देणं म्हणजे त्याच्या भावाबद्दल देणं होतं, आणि कदाचित स्वतःबद्दलही. उमेशला बापाबद्दल द्यावा लागला असता. नुकताच एक चुकून दिला होता, आता समजून द्यायचा होता. मी वाट पाहिली. माडावरून एक झावळ सुटली आणि खाली पडली. मागणं फुकट गेल्याचं मला कळलं. मग रीत ती रीत. मला थोडं हलकंही वाटलं. आता माझा इलाज नव्हता, आता कोणी मला दोष देऊ शकत नव्हतं. करवंटी माझ्या छातीपर्यंत वर आलेली मी पाहिली. ती मी उचलली होती असं मला वाटत नाही.

"व्हय महाराजा."

आवाज पुरुषांच्या पलीकडून, माडाच्या सावलीतून आला. बाईचा. मोठा नव्हता. तांदूळ निवडताना असावा तसा.

मी करवंटी दगडावर उपडी केली. सगळी.

त्यानंतर जे झालं ते थोडं हास्यास्पद होतं. वाद सुरू झाला. एका चुलत भावाचं म्हणणं पडलं की बाईचा होकार धरत नाहीत. दुसरा म्हणाला, धरत नाहीत असं कोणी सांगितलं? तो म्हणाला, आजवर कुठल्या बाईने दिला का? दुसरा म्हणाला, दिला नाही म्हणून धरत नाहीत असं होत नाही. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. घरात वडील मी. निवाडा मी करायचा. मी म्हणालो, मला माहीत नाही. हा निवाडा सगळ्यांना मान्य झाला, कारण कोंबडी निवत चालली होती.

भिवाने करवंटी माझ्या हातातून घेतली. तिच्यात पुन्हा ओतली. बराच वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला. मग प्यायला, पूर्ण, आणि तोंड पुसलं. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. त्याच्यानंतरच्या दोघांनी घेतली. उमेशची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, मला गाडी चालवायची आहे. तो बुधवारपर्यंत राहणार होता आणि त्या दिवशी रविवार होता. पण करवंटी पुढे गेली. मग पानं मांडली. कोंबडी-वडे झाले, सोलकढी झाली. जेवताना माझ्याशी सगळे जरा जपून बोलत होते, नुकताच ताप उतरलेल्या माणसाशी बोलावं तसं.

इथे मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण चार वाजता मला प्यावीशी वाटली.

घरात सगळे आडवे झाले होते. पडवीत भिवा घोरत होता, आणि त्याच्या उशाशी कॅन होता. तिसरा हिस्सा शिल्लक होता, प्लास्टिकमधून दिसत होता. मघाशी हातात करवंटी असताना वाटली नव्हती इतकी प्यावीशी वाटली. ती मागणी, तो होकार, ते सगळं झालं म्हणजे झालं, असं मी कुठेतरी धरून चाललो होतो. शरीराला त्यातलं काहीही कळवलेलं नव्हतं. मला वाटलं, आता तर सगळ्यांना माहीत आहे. आता लपवायचंही काही नाही. एक पेला घेतला तर कोणाला आश्चर्य वाटणार नाही.

मी उठलो. कॅनपर्यंत गेलो. तिथून मागच्या दारी कसा आलो ते मला सांगता येत नाही. शौर्य म्हणून सांगता येईल असं त्यात काही नव्हतं, बहुधा भिवाने कूस बदलली आणि मी दचकलो.

मागच्या दारी वहिनी बसली होती. पुढ्यात फणसाच्या आठळ्यांचा ढीग होता आणि ती एकेक सोलत होती. मी पायरीवर बसलो. हात मांडीखाली दाबून ठेवले.

"वहिनी," मी म्हणालो, "मला आत्ता प्यावीशी वाटतेय."

घरातल्या माणसाला मी हे वाक्य पहिल्यांदाच सांगत होतो. शालनलाही कधी सांगितलं नव्हतं. आधी सांगण्यासारखं ते वाक्य आहे, हेच मला ठाऊक नव्हतं.

वहिनीने वर पाहिलं नाही. "खूप?"

"खूप."

तिने दुसरी सुरी पुढे केली आणि ढिगातल्या ओंजळभर आठळ्या माझ्याकडे सरकवल्या. "सोला."

मी सोलू लागलो. मला ते काम जमत नाही. वरची पांढरी साल नखात जाते, आणि आठळी हातातून निसटते. पहिली आठळी अंगणात गेली. वहिनीने ती उचलून पुन्हा माझ्या हातात दिली. आम्ही सोलत राहिलो. आत भिवाचं घोरणं थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"तीस वर्सां मी मागे उभी रवलंय, भावजी," ती म्हणाली. "तेंनी कधी मागूकच नाय."

मी सोलत राहिलो. माझा ढीग तिच्या ढिगाच्या चौथाईही झाला नाही. ऊन किंजळीवरून उतरून गोठ्याच्या कौलांवर आलं. तिने पदराला हात पुसले.

"आता कितकी वाटता?"

मी नीट विचार केला. खोटं सांगायचं नव्हतं. "मघापेक्षा कमी," मी म्हणालो. "पण आहे."

तिने आपल्यापुढच्या आठळ्यांतल्या अर्ध्या माझ्याकडे लोटल्या.

"मगे ह्योव सोला," ती म्हणाली.